मुखपृष्ठाने दिलेला शब्द

मुलांनो, नवा अंक हातात पडला की सगळ्यात आधी काय बघता? खरं सांगा हं! कोडी? विनोद? छे! आधी नजर जाते ती मुखपृष्ठावर. ते आवडलं की मग पान उलटायचं. शाळेत वाचनाच्या तासाला पुस्तकं टेबलावर मांडली, की तिसरी-चौथीची मुलं चित्र बघूनच पुस्तकावर झडप घालतात. लेखकाचं नाव नंतर, पानं किती ते त्याच्याही नंतर.

म्हणजे मुखपृष्ठ आपल्याला एक शब्दच देत असतं. "आत ये, तुला अशी अशी गंमत दाखवतो," असं ते म्हणत असतं. आता प्रश्न असा, की दिलेला शब्द ते पाळतं का? आणि त्यावर कोणतं चित्र असावं, हे ठरवतं तरी कोण? चित्रकार, दुकानदार, सरकार, की तुमच्यासारखी मुलं? या प्रश्नांची उत्तरं शोधायला आपण अमेरिकेत जाऊ या. तिथल्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठांना आता नव्वद वर्षं होऊन गेली आहेत.

नाव वरच का असतं?

अमेरिकेत सुरुवातीची कॉमिक्स म्हणजे वर्तमानपत्रांत आधी येऊन गेलेल्या चित्रमालिकांची गाठोडीच होती. १९३४ साली 'फेमस फनीज' नावाचं मासिक स्टॉलवर आलं. किंमत दहा सेंट. ते चाललं, आणि बघता बघता इतर प्रकाशकही या धंद्यात उतरले.

आता स्टॉल कसा असतो ते आठवा. जागा कमी आणि मासिकं फार. मग विक्रेता काय करतो? एकावर एक अशी रचतो, की प्रत्येकाची फक्त वरची पट्टी दिसावी. म्हणून कॉमिक्सचं नाव वर, आडवं, ठसठशीत अक्षरांत छापू लागले. खाली गेलेलं नाव म्हणजे न दिसलेलं नाव, आणि न दिसलेलं मासिक म्हणजे न खपलेलं मासिक!

कागदाचीही एक युक्ती होती. आतली पानं वर्तमानपत्राच्या स्वस्त, खरखरीत कागदाची. मुखपृष्ठ मात्र वेगळं छापलेलं, जाड आणि गुळगुळीत कागदाचं. त्यावर रंग उठून दिसत. रंग तरी किती? शाई चारच रंगांची : निळी, गुलाबी-लाल, पिवळी आणि काळी. बाकीचे सगळे रंग या चारांच्या मिश्रणातून. घरी भिंग असेल तर एखादं रंगीत छापील चित्र त्याखाली धरून बघा. बारीक बारीक ठिपके दिसतील. तीच ही करामत.

हिरवी मोटार उचलणारा माणूस

क्लीव्हलंड शहरात शाळेपासूनचे दोन दोस्त होते. जेरी सीगल गोष्टी लिहायचा, जो शुस्टर चित्रं काढायचा. त्यांनी एक अचाट ताकदीचा नायक तयार केला होता. तो घेऊन त्यांनी बऱ्याच जणांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे नकार! शेवटी १९३८ साली एका प्रकाशकाने त्या नायकाचे सगळे हक्क विकत घेतले. किती डॉलरला माहीत आहे? फक्त १३०!

जून १९३८ ची तारीख असलेला 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर पिवळी झळाळी, मधोमध निळ्या पोशाखातला, लाल झगा पाठीवर सोडलेला एक माणूस. त्याने हिरवी मोटार डोक्यावर उचलली आहे आणि तो ती खडकावर आपटतो आहे. समोर एक माणूस डोकं धरून जिवाच्या आकांताने पळतो आहे.

आता गंमत बघा. या चित्रात त्या माणसाचं नावच नाही! तो चांगला की वाईट, हेसुद्धा कळत नाही. दुसऱ्याची मोटार फोडणारा माणूस चांगला कसा असेल? उत्तर हवं असेल तर दहा सेंट द्या आणि अंक उघडा. आत कळतं, की ती मोटार गुंडांची आहे, त्यांनी एका मुलीला पळवून नेलेलं आहे आणि मोटार फोडणाऱ्याचं नाव आहे सुपरमॅन. मुखपृष्ठाने प्रश्न विचारला, गोष्टीने उत्तर दिलं. शब्द पाळला!

असं म्हणतात, की खुद्द प्रकाशकाला हे चित्र अगदी वेडगळ वाटलं होतं. मोटार उचलणारा माणूस? कोण विश्वास ठेवणार? पुढच्या काही अंकांच्या मुखपृष्ठांवर सुपरमॅन दिसलाच नाही. पण मुलं स्टॉलवर जाऊन "तो सुपरमॅनवाला अंक द्या" म्हणू लागली. झालं! सातव्या अंकावर तो परत आला आणि पुढे मुखपृष्ठ कायमचं त्याचंच झालं. म्हणजे इथे मुखपृष्ठ ठरवलं ते मुलांनी.

या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला गेली. १३० डॉलरची किंमत लिहिलेला तो जुना चेकसुद्धा २०१२ साली १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. पण सीगल आणि शुस्टर? त्यांची उमेदीची वर्षं हलाखीत आणि कोर्टकचेऱ्यांत गेली. खूप ओरड झाल्यावर १९७५ च्या अखेरीस कंपनीने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर द्यायचं कबूल केलं आणि 'सुपरमॅनचे निर्माते' म्हणून त्यांची नावं पुन्हा छापायला सुरुवात केली. तेव्हा दोघंही साठी ओलांडलेले होते. म्हणून सांगते, चित्र आवडलं की ते काढणाऱ्याचं नावही शोधून वाचायची सवय लावा.

एक ठोसा

१९४० चा डिसेंबर. युरोपात दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. हिटलर ज्यू लोकांवर भयंकर अत्याचार करत होता. अमेरिका मात्र अजून युद्धात उतरलेली नव्हती. "आपल्याला काय करायचंय?" असं म्हणणारेही तिथे खूप होते. अशा वेळी 'कॅप्टन अमेरिका'चा पहिला अंक स्टॉलवर आला. त्याच्या मुखपृष्ठावर ताऱ्या-पट्ट्यांचा पोशाख घातलेला नायक थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे!

हे चित्र जो सायमन आणि जॅक कर्बी यांचं. दोघंही युरोपातून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांतले तरुण. अंक लाखांनी खपला. पण हिटलरची बाजू घेणारे लोक अमेरिकेतही होते. त्यांनी धमकीची पत्रं पाठवली. सायमन यांनी पुढे लिहून ठेवलं आहे, की कचेरीबाहेर संशयास्पद माणसं घुटमळू लागली, तेव्हा पोलिसांचा पहारा बसवावा लागला आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला. त्यानंतर साधारण वर्षभराने, डिसेंबर १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरली.

दहा सेंटच्या मासिकाचं एक चित्र, पण ते काढायलाही छाती लागते.

मोठं अक्षर, बारीक अक्षर

युद्ध संपलं आणि मुखपृष्ठांचा नूर बदलला. आता गुन्हेगारांच्या आणि भुताखेतांच्या कॉमिक्सची चलती सुरू झाली. त्यातलं एक होतं 'क्राइम डझ नॉट पे', म्हणजे 'गुन्ह्याचं फळ चांगलं नसतं'. नाव वाचून वाटेल, वा, किती चांगली शिकवण! पण मुखपृष्ठ बघितलं तर? 'क्राइम' हा शब्द हत्तीएवढा आणि बाकीचे शब्द मुंगीएवढे! लांबून नुसतं 'गुन्हा, गुन्हा' एवढंच दिसायचं. शिकवण जवळ जाऊन शोधावी लागायची. अक्षरं खरी, पण त्यांचा आकार लबाड. जाहिराती बघताना ही लबाडी तुम्हालाही ओळखता येईल. 'मोफत' केवढं मोठं असतं आणि 'अटी लागू' केवढं बारीक!

पालक चिडले. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे तर कॉमिक्सची होळी झाली. १९५४ साली फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी पुस्तक लिहून सांगितलं, की कॉमिक्समुळे मुलं बिघडतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीने चौकशी केली. एका सिनेटरने एक मुखपृष्ठ उंच धरून प्रकाशक विल्यम गेन्स यांना विचारलं, "हे तुम्हाला सभ्य वाटतं?" गेन्स म्हणाले, भयकथेच्या मानाने सभ्यच आहे. ते चित्र इतकं भयानक होतं, की त्याचं वर्णन मी इथे करत नाही. पण त्या उत्तराने लोक आणखीच भडकले.

टपाल तिकिटाएवढा शिक्का

सरकारने कायदा करण्याआधी आपणच नियम करावेत, असं प्रकाशकांनी ठरवलं आणि १९५४ मध्येच 'कॉमिक्स कोड' तयार झाला. त्यात मुखपृष्ठाच्या अक्षरांचाही नियम होता! 'क्राइम' हा शब्द नावातल्या इतर शब्दांपेक्षा ठळकपणे मोठा छापायचा नाही आणि एकटा तर छापायचाच नाही. भयाचे आणि थरकापाचे शब्द नावात घालायला बंदी. आतली पानं तपासून घ्यायची, मगच मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात टपाल तिकिटासारखा मंजुरीचा शिक्का मिळायचा. शिक्का नसेल तर बरेच विक्रेते अंक ठेवायलाच तयार नसत. गेन्स यांना आपली भयकथांची मासिकं बंद करावी लागली.

पालकहो, आता जरा तुमच्यासाठी. मुलांच्या हातात काय पडतं याची काळजी रास्तच होती. पण काळजीपोटी केलेला आरोपही तपासून घ्यावा लागतो. वर्थम यांची कागदपत्रं पुढे अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या प्राध्यापिकांनी ती तपासली आणि २०१२ साली दाखवून दिलं, की मुलांच्या मुलाखती नोंदवताना वर्थम यांनी बऱ्याच ठिकाणी फेरफार केले होते. ज्या पुराव्यावर एवढं रान उठलं, त्यातला काही भाग पक्का नव्हताच.

शिक्क्याचीही एक गोष्ट ऐका. १९७१ साली अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने 'स्पायडरमॅन'चे संपादक स्टॅन ली यांना विनंती केली, की अमली पदार्थ किती घातक असतात ते गोष्टीतून मुलांना सांगा. त्यांनी तशी गोष्ट केली. पण नियमाप्रमाणे अमली पदार्थांचा उल्लेखच करायचा नव्हता! वाईट म्हणून सांगायलाही नाही. शिक्का नाकारला गेला. ली यांनी स्पायडरमॅनचे ते तीन अंक, ९६ ते ९८, बिनशिक्क्याचेच काढले. वाचकांनी ते उचलून धरले आणि त्याच वर्षी नियम सैल झाले. पुढे एकेक कंपनी बाहेर पडत गेली. २०११ मध्ये उरलेल्या दोन मोठ्या कंपन्यांनीही शिक्का सोडला आणि तो इतिहासजमा झाला.

आधी चित्र, मग गोष्ट!

भयकथा गेल्या, मग मुलांना ओढायचं कशाने? तर गोरिलाने! १९५१ मध्ये 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स'च्या एका मुखपृष्ठावर माणसासारखा विचार करणारा गोरिला आला आणि अंक झपाट्याने खपला. मग काय! कधी शास्त्रज्ञ गोरिला, कधी गुन्हेगार गोरिला. संपादक ज्यूलियस श्वार्ट्‌झ सांगत, की शेवटी कंपनीला नियम करावा लागला : महिन्याला एकच गोरिला!

श्वार्ट्‌झ यांची आणखी एक पद्धत होती. ते अनेकदा आधी मुखपृष्ठाचं चित्र काढून घेत. अशक्य वाटणारा एखादा पेच त्यात असे. मग लेखकाला बोलवायचं आणि सांगायचं, "आता यावरून गोष्ट लिहा!" आपण शाळेत चित्रावरून गोष्ट लिहितो ना, अगदी तसंच. १९६६ च्या 'फ्लॅश'च्या एका मुखपृष्ठावर तर नायक हात पुढे करून थेट वाचकालाच थांबवतो. हा अंक घेतला नाहीस तर माझा जीव जाईल, असंच जणू तो विनवतो!

स्टॉलवरची जुनी अडचण होतीच. १९६३ मध्ये मार्व्हल कंपनीच्या मुखपृष्ठांवर डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आली. त्यात नायकाचं चित्र. ही कल्पना चित्रकार स्टीव्ह डिटको यांची. गठ्ठ्यातून नुसता कोपरा दिसला तरी मुलाने ओळखावं, "अरे, हा माझा स्पायडरमॅन!"

साधारण १९७६ पासून मुखपृष्ठावर काळ्या-पांढऱ्या रेघांचा बारकोड आला. चित्रकार वैतागले, कारण चित्राचा एक तुकडा गेला. पुढे फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं निघाली. त्यांच्यासाठीच्या प्रतींवर बारकोड लागत नसे. मग मार्व्हलने त्या रिकाम्या चौकोनात स्पायडरमॅनचं डोकं छापायला सुरुवात केली. या दुकानांत अंक मोकळे मांडलेले असत. त्यामुळे नावाची पट्टी झाकली जाण्याची भीती गेली आणि चित्रकारांचे हात बरेच मोकळे झाले.

चकाकतं ते सगळं सोनं नसतं

जुने अंक हजारो डॉलरला जातात, अशा बातम्या येऊ लागल्या आणि लोकांना वाटलं, आज घेऊन ठेवू, उद्या श्रीमंत होऊ. प्रकाशकांनी हे बरोब्बर हेरलं. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी काढला. त्यातली चार जोडली की एक मोठं चित्र होई, आणि पाचव्यावर तेच सगळं चित्र घडी उलगडून दिसे. आतली गोष्ट मात्र पाचांतही तीच! छापलेल्या प्रती ८० लाखांहून अधिक. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून आला. पिशवी फोडली तर किंमत उतरेल, म्हणून कित्येकांनी दोन-दोन प्रती घेतल्या. एक वाचायला, एक न उघडता ठेवायला. मग चंदेरी वर्ख लावलेली, आरशासारखी, आरपार कापलेली मुखपृष्ठं आली.

आता गणित करा. १९३८ चा अंक महाग का? मुलांनी तो वाचून वाचून फाडला, आयांनी रद्दीत घातला, युद्धाच्या काळात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत कितीतरी प्रती गेल्या. मोजक्याच उरल्या, म्हणून महाग. आणि ज्या अंकाच्या लाखो प्रती लोकांनी जपून कपाटात ठेवल्या आहेत, तो दुर्मीळ कसा होईल? काही वर्षांतच हे सगळ्यांच्या लक्षात आलं. विक्री कोसळली, कितीतरी दुकानांना टाळं लागलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. लोक गोष्टीसाठी नाही, तर नुसत्या वेष्टनासाठी पैसे मोजत होते. असा बाजार फार दिवस टिकत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही हा रंगीत खजिना होता. विचारा आई-बाबांना किंवा आजोबांना! मार्च १९६४ मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. आतला वेताळ होता अमेरिकेच्या ली फॉक यांचा. पण तो तिकडे वर्तमानपत्रात पट्टीपट्टीने यायचा, त्याला मुखपृष्ठ कुठून असणार? म्हणून ती आपल्या चित्रकारांनी रंगवली. त्यात गोविंद ब्राह्मणिया यांचं नाव मोठं. १९६७ मध्ये अनंत पै यांनी मुंबईतच 'अमर चित्र कथा' सुरू केली. राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक अशा चित्रकारांनी त्यातले देव, वीर आणि राजे आपल्या डोळ्यांसमोर उभे केले. मुळीक यांनीच पुढे 'नागराज'चे सुरुवातीचे अंकही रंगवले.

करून बघा

आज मुखपृष्ठ पुष्कळदा फोनच्या पडद्यावर, नखाएवढंच दिसतं. म्हणजे गठ्ठ्यातून डोकावणाऱ्या कोपऱ्यासारखीच अडचण, नव्या रूपात! म्हणून या सुट्टीत एक खेळ करा. तुमच्या आवडत्या गोष्टीचं मुखपृष्ठ काढा. रंग चारच वापरा. नाव वर लिहा. चित्रात असा प्रश्न ठेवा, की बघणाऱ्याला पान उलटल्याशिवाय चैन पडू नये. मग ते भिंतीला लावून दहा पावलं मागे जा. अजून ओळखू येतं का? खाली तुमचं नाव लिहायला विसरू नका.

आणि घरातली पुस्तकं, मासिकं काढून एक वहीही करा. मुखपृष्ठ काय म्हणालं ते एका बाजूला लिहा, आत काय मिळालं ते दुसऱ्या बाजूला. शब्द पाळणारी किती आणि फसवणारी किती, ते तुम्हीच मोजा. पाच-सहा पुस्तकं झाली, की दुकानात उभं राहून कोणतं पुस्तक घ्यायचं हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.